देवघरांतील निस्तेज संगमरवर

सणावाराच्या आधीं देवांचीं तांब्या-पितळेचीं उपकरणीं चिंचेनें घासण्याची आपली रीत जुनी व चांगली आहे. परंतु ज्या संगमरवरी फरशीवर तीं घासलीं जातात, तिची कळा वर्षागणिक उतरत जाते आणि ठपका येतो घरांतील सुनेवर, नाहीं तर कामवाल्या बाईवर. “नीट पुसत नाहींत,” असें म्हटलें जातें. मग त्याच डागावर लिंबू चोळण्यांत येतें व तो अधिकच पसरतो. हा अन्याय आहे, असें आम्हांस स्पष्ट सांगावेंसें वाटतें. कारण तो डाग मळाचा नसून झिजेचा असतो.

संगमरवर, कलबुर्गीकडची शहाबादी फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा हीं तिन्हीं चुनखडीच्या कुळांतलीं. चिंच, लिंबू, कोकम, शिरका यांतील आम्लानें त्यांचा पृष्ठभाग विरघळतो. आपला पाटा-वरवंटा काळ्या पाषाणाचा, म्हणून आयुष्यभर चिंचेची चटणी वाटूनही त्यास ती बाधत नाहीं. शंका असल्यास आडकोपऱ्यांत लिंबाचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले किंवा जागा निस्तेज झाली, तर दगड चुन्याचा समजून लागलीच धुवून टाकावा.

गेलेली चकाकी आणणें म्हणजे वरून कांहीं लावणें नव्हे. क्रमाक्रमानें बारीक झिजविणें होय. (खोबरेल चोळणारांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. ती चमक चार दिवसांची, पुढें धूळ व पिवळटपणा.) जागा स्वच्छ धुवून पाण्यांत चालणारा पॉलिशकागद घ्यावा. हलक्या डागास ८०० नंबरापासून आरंभ करून १२००, २००० असें चढावें. बोटास खरखर लागत असल्यास ४०० पासून. प्रत्येक कागद मागच्याच्या आडव्या दिशेनें फिरवावा आणि मागचे ओरखडे पुरते जाईपर्यंत पुढचा हातीं घेऊं नये. येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो! डागाभोंवतालची वीतभर जागाही घोटावी, नाहीं तर तेथें खळगा दिसतो. शेवटीं कथलाच्या ऑक्साइडाची पूड ओल्या नमद्यावर घेऊन घोटावें. दगड सदैव ओला ठेवावा. कोरडी धूळ फुप्फुसांस वाईट.

ग्रॅनाइटच्या वाटेस मात्र घरीं जाऊं नये. दहापैकीं संगमरवराचें काठिण्य ३, तर त्याचें ६ ते ७. तें काम यंत्राचें. न्हाणीघराची फरशीही फार गुळगुळीत करूं नये. तेथें वडील माणसांचा पाय घसरतो. आणि उपकरणीं यापुढें परातींत घेऊन घासावींत.