गळ्यातला पट्टा आणि कानातली शिट्टी

वाचकहो, गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. दुपारची ताटे वाढून झाली होती. मुलांच्या आईने थोरल्याला हाक मारली. तो खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून बसला होता. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. चौथ्या हाकेनंतर धाकटी उठली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो दचकला. आमची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ह्याचं बी आजोबावानी झालं का काय?"

सगळे हसलो. पण त्याच्याकडे नीट पाहिले आणि आमचे हसू थांबले. नेहमीचा तो ब्लूटूथचा पट्टा गळ्यात होता, पण दोन्ही बोंडे छातीवर लोंबत होती. कानात काहीच नव्हते. तरी त्याला आईची हाक ऐकू आली नव्हती.

या पट्ट्याची आमच्या घरातली कथा चार वर्षांहून जुनी आहे. २०२० साली मार्च महिन्यात टाळेबंदी आली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे कोंडली गेली. धाकटीची शाळा मोबाईलवर भरू लागली. पुढच्या वर्षी थोरल्याला फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी लागली, तीही सुरुवातीला घरूनच. एका कोपऱ्यात बाई भूगोल शिकवताहेत, दुसऱ्या कोपऱ्यात "सर, आपली तक्रार नोंदवली आहे" चालले आहे आणि मधे कुकरच्या शिट्ट्या. वायरचे ईअरफोन दोन-तीन महिने टिकत. पिनपाशी वायर तुटे आणि एकच कान वाजू लागे. शेवटी थोरल्याने पहिल्या पगारातून हा बिनवायरचा पट्टा घेतला. आई म्हणाली, "बैलाच्या गळ्यात घालतात तसला पट्टा हौसेनं घालून घेतला गं बाई!"

पण खरे सांगायचे तर घराला त्याचा फार उपयोग झाला. मुलांची आई पीठ मळता मळता माहेरी बोलू लागली. धाकटीचा अभ्यास कुणाला त्रास न होता होऊ लागला. आईला वामनदादा कर्डकांची गाणी जीव की प्राण. दुपारी सगळे कामात असताना ती पट्टा लावून डोळे मिटून बसे. वस्तू वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहीत आहोत ते वस्तूच्या वापराबद्दल आहे.

पुष्कळांना हे 'ब्लूटूथ' म्हणजे काय ते माहीत नसते. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होऊन गेला. त्याने विखुरलेले मुलूख एकत्र जोडले म्हणून वेगवेगळी यंत्रे जोडणाऱ्या या तंत्राला त्याचे नाव मिळाले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास हे काम सुरू झाले आणि १९९८ साली पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचा संघ काढला. मोबाईलवर दिसणारी ती निळी खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची जुन्या लिपीतली दोन आद्याक्षरे आहेत.

काम चालते ते रेडिओ लहरींवर. मोबाईल लहरी सोडतो, पट्टा त्या पकडतो. एकाच वेळी शेजारी दहा जण असे पट्टे वापरत असले तरी गोंधळ होत नाही, कारण गाणी वाहणाऱ्या ब्लूटूथची लहर ७९ वाटांपैकी सेकंदाला सोळाशे वेळा वाट बदलत असते. साधारण दहा मीटरपर्यंत आवाज नीट येतो. मधे भिंत आली की कमी होतो. माणसाचे शरीरही या लहरी शोषते. म्हणून मोबाईल मागच्या खिशात ठेवला तर आवाज तुटतो आणि छातीच्या खिशात ठेवला तर बरा येतो. हा उपाय फुकटचा आहे, करून पाहा.

आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र घाबरवून सोडले होते की या लहरींनी डोक्यात गाठ होते. आम्ही माहिती काढली. रेडिओ लहरींना 'कर्करोगास कदाचित कारण ठरू शकतील' अशा गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली घातले आहे, हे खरे. पण तो संशयाचा गट आहे, सिद्ध झालेल्यांचा नव्हे. आणि अशा पट्ट्याची ताकद काही मिलीवॅटच असते. मोबाईल कानाला चिकटवून बोलण्यापेक्षा ती पुष्कळ कमी. तेव्हा काकूंनी निश्चिंत असावे. ज्याचा धोका पक्का ठाऊक आहे, ती गोष्ट दुसरीच आहे. ती म्हणजे आवाज.

चार वर्षांत वस्तूचे काय होते तेही सांगतो, कारण आपल्या घरात हजार-बाराशे रुपये उगाच येत नाहीत. पहिले वर्ष सुखाचे गेले. दुसऱ्या वर्षी दिवसभर चालणारे चार्जिंग दुपारीच संपू लागले. त्यातला लिथियमचा सेल साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की त्याची धारणशक्ती घटते. रोज भरणारा माणूस दीड वर्षात तिथे पोचतो. सेल पार रिकामा होऊ देऊ नये, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये आणि घामाने ओला असताना चार्जिंगला लावू नये, कारण पिनेला गंज चढतो. तिसऱ्या वर्षी एक कान हळू वाजू लागला. थोरला आवाज वाढवत गेला. दुरुस्तीवाल्याने बघितले तर जाळीत कानाचा मळ साचला होता! कोरड्या मऊ ब्रशने साफ करताच आवाज पूर्ववत. रबराच्या टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाने धुवाव्यात, पूर्ण वाळवून बसवाव्यात आणि शक्यतो एकाचा पट्टा दुसऱ्याने कानात घालू नये. सेल मेला तरी पट्टा लगेच फेकू नये. स्टेशनजवळचे काही कारागीर नवा सेल डाखून देतात. अगदीच निकामी झाला तर ओल्या कचऱ्यात टाकू नये. तो ई-कचऱ्यात द्यावा. फुटलेला सेल पेट घेतो आणि कचरा वेचणारे हात शेवटी आपल्याच माणसांचे असतात.

आता त्या रविवारकडे येतो. जेवण झाल्यावर आम्ही थोरल्याला गॅलरीत बोलावले. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, सहा महिने झाले. रात्री कानात शिट्टी वाजते. रातकिडे ओरडतात तशी."

"मग बोलला का नाहीस?"

"ऑफिसात कळलं तर? ऐकण्याचीच नोकरी आहे माझी."

वाचकहो, हे वाक्य आम्ही आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो.

आमचे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात पूर्वी आपल्या माणसांना घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला होता. त्यामुळे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या रिंग खात्यातच राहिली. तिथेही गोंगाट असा की कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. वडिलांचे कान गेले ते तिथेच, आणि त्यांनी ते कित्येक वर्षे लपवले. जॉबरला कळले तर बदली कामगार उभाच होता. ते समोरच्याचे ओठ वाचायला शिकले. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, डिलाईल रोडची चाळ सोडून आम्ही कल्याणपलीकडे आलो. चौदा एप्रिलला गायन पार्टी येई तेव्हा वडील सर्वांत पुढे, पेटीवाल्याच्या जवळ बसत. कानामागे तळवा धरत आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत. लोकांना वाटे, काय हा माणूस गाण्यात रंगला आहे! घरच्यांनाच माहीत होते की ते गाणे ऐकत नाहीत, बघत आहेत.

वडिलांना पर्याय नव्हता. कानाला बोळा द्यायचेही कुणी सांगितले नाही. गोंगाटाने येणारे बहिरेपण पुढे कारखाने कायद्यातील रोगांच्या यादीत आले, पण वडिलांचे कान परत आले नाहीत. नातवाच्या कानात मात्र तो गोंगाट आम्हीच कौतुकाने घरी आणलेल्या वस्तूतून शिरत होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून त्याला सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात नेले. आवाजबंद खोलीत बसवून, कानावर यंत्र लावून, बारीक बारीक आवाज ऐकवून तपासणी केली. त्याला ऑडिओमेट्री म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही. कागदावर आलेख आला. रेघ सरळ चालली होती आणि चार हजारच्या आकड्यापाशी खाली खड्ड्यात गेली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा खड्डा गोंगाटाचा. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आहे ते सांभाळा."

मग त्यांनी दिवसाचा हिशेब विचारला. आठ तास कामावर पट्टा. ऑफिसने दिलेला हेडसेट मोडल्यावर 'स्वतःचा वापरा' म्हणून सांगितले होते. जाता-येता लोकलमध्ये तीन तास गाणी आणि तीही गाडीच्या खडखडाटावर मात करण्याइतकी मोठी. रात्री कानात घालूनच झोप. त्यात आणखी एक गोष्ट. ब्लूटूथवर नुसते गाणे ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो. बोलणे सुरू झाले की तो दोन्ही दिशांना वाहावा लागतो आणि साध्या पट्ट्यांत त्याची प्रत उतरते, डब्यातून बोलल्यासारखा येतो. शब्द कळत नाहीत म्हणून माणूस आवाज वाढवतो. गरज स्पष्ट आवाजाची असते आणि वाढतो तो मोठा आवाज.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालते. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा तास, आणि ९० ला आठवड्याला चारच तास. अनेक यंत्रे पूर्ण आवाजावर शंभराच्याही पुढे जातात. आमच्या थोरल्याचे आठवड्याचे तास साठाच्या वर भरले!

त्याने धीर करून ऑफिसात तपासणीचा कागद दाखवला. नोकरी गेली नाही. एका कानाचा वायरचा हेडसेट मिळाला, तोही दोनदा मागितल्यावर. आता तो दोन-दोन तासांनी कान बदलतो. शिट्टी थांबलेली नाही. पण हाक आता दुसऱ्या खेपेला ऐकू येते, कारण आम्ही समोर जाऊन हाक मारतो.

घरात आम्ही काही नियम केले आहेत. आवाज साठ टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवायचे. शेजारचा माणूस साध्या आवाजात बोललेला ऐकू आला पाहिजे, नाही तर आवाज कमी करायचा. झोपताना पट्टा काढायचा. रस्त्यावर, गाडी चालवताना आणि रुळांजवळ तर मुळीच नाही, कारण विजेची गाडी पाठीमागून किती हळू आवाजात येते हे कल्याणच्या माणसाला सांगायला नको. आणि जेवताना सगळे पट्टे, सगळे मोबाईल स्टीलच्या डब्यात. डब्याचे झाकण आईच्या हाती.

भगिनींनो, बंधूंनो, आपली मुले आज दारोदार पार्सल पोचवतात, फोनवर बोलतात, पहारा देतात, रात्ररात्र अभ्यास करतात. कानात काही ना काही असतेच. ते काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. फक्त आज संध्याकाळी जवळ बसवून विचारा : "बाळा, कानात शिट्टी वाजते का रे?" वाजत असेल तर रागावू नका. तपासणीला घेऊन जा. ते लपवतात ते भीतीने लपवतात, हे आम्हाला दोन पिढ्यांनी शिकवले.

काल रात्री जेवणानंतर आईने डब्याचे झाकण उघडले, पण पट्टा घेतला नाही. म्हणाली, "मोबाईलवरच लाव, सगळ्यांना ऐकू दे. हळू लाव, शेजारी लेकरू झोपलंय." वामनदादांचे गाणे हळू आवाजात सुरू झाले. थोरला जरा पुढे सरकून बसला. त्याने कानामागे हात धरला नव्हता. आम्ही मुद्दाम पाहिले.