जिंकलेल्या मुलखाचा जमाखर्च

भुवनेश्वरजवळच्या खंडगिरीच्या माथ्यावर जे जिनमंदिर उभे आहे, ते कटकचे जैन व्यापारी मंजु चौधरी आणि त्यांचे आप्त भवानी दादू यांनी बांधविले. नागपुरातील अनेक कुटुंबे तेथे यात्रेला जाऊन आली असतील. परंतु ज्या कटकात चौधरींची पेढी होती, त्या कटकाचा कारभार एके काळी नागपूरच्या महालातून चालत असे, हे परत येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे तब्बल ५२ वर्षे, ओडिशाचा किनारा भोसल्यांच्या अमलाखाली होता. तो कसा मिळाला हे आपण अभिमानाने सांगतो. तो कसा गेला, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही.

हा हिशेब आज मांडण्याचे कारण असे, की तोच प्रश्न जगापुढे पुनःपुन्हा उभा राहतो. अमेरिकेने २००१ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य उतरविले. तेथील घडी बसण्यापूर्वीच २००३ मध्ये इराकवर स्वारी केली. अखेर २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल सोडून जाण्याची पाळी तिच्यावर आली. ज्याच्या हाती प्रबळ सेना आहे, त्याला जिंकलेला मुलूख सांभाळून पुढच्या युद्धाचाही विचार करता येतो काय? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शहराच्या जुन्या वहीत दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

सेनासाहेब सुभा रघूजी भोसले (पहिले) यांच्या फौजा १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या एका तुकडीने मीर हबीबाच्या मार्गदर्शनाने मुर्शिदाबाद गाठले आणि जगत्‌शेठ फतेहचंद यांची कोठी लुटली. हे घराणे ओसवाल जैनांचे, नवाबाच्या दरबाराचे सावकार आणि पूर्व हिंदुस्थानातील मोठे पेढीवाले. पुढे १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भास्कररामांना भेटीस बोलावून दग्याने ठार केले. त्यानंतर रघूजी स्वतः चालून गेले आणि युद्ध आणखी काही वर्षे चालले. नागपूरच्या दृष्टीने ही पराक्रमाची गाथा होय. बंगालच्या खेड्यांत मात्र ‘बर्गी’ हा शब्द लेकरांना भीती घालण्यासाठी उरला. एकाच घटनेची ही दोन टिपणे आहेत आणि प्रामाणिक जमाखर्चात दोन्ही लिहावी लागतात.

१७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने दरसाल १२ लाख रुपये चौथाई देण्याचे मान्य केले. सुवर्णरेखा नदीच्या अलीकडील ओडिशाचा शिलकी महसूल रघूजींच्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी द्यावा, असेही ठरले. या कलमावर वाचकांनी क्षणभर थांबावे. त्या प्रांताचे उत्पन्न भोसल्यांच्या वहीत प्रथम नोंदले गेले, ते फौजेचे देणे भागविण्यासाठी. मागच्या युद्धाची उधारी फेडण्यासाठी आणि पुढच्या युद्धाची तयारी करण्यासाठी जो मुलूख हाती घेतला जातो, त्याच्या वाट्याला तलाव, रस्ते, न्याय आणि बी-बियाणे यांसाठी किती उरणार?

तरी भोसल्यांचा अंमल केवळ लुटीचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिवभट साठे आणि पुढे राजाराम पंडित यांच्यासारख्या सुभेदारांनी महसुलाची घडी बसविण्याचा प्रयत्न केला. पुरीच्या जगन्नाथ मंदिराला नेमणुका दिल्या. यात्रेकरूंकडून कर घेतला, पण यात्रा चालू ठेवली. आज मंदिराच्या सिंहद्वारासमोर दिसणारा अरुणस्तंभ कोणार्कहून तेथे आला तो याच काळात. राजसत्तेने देवस्थानाचा मान राखला की प्रजेचे मन कसे वळते, हे त्या कारभाऱ्यांना कळत होते.

पण कारभाऱ्यांना कळते ते सत्ताधीशाला परवडतेच असे नाही. खुर्द्याच्या राजाचे उदाहरण पाहा. पारलाखेमुंडीच्या राजाविरुद्ध त्याने मराठ्यांची मदत मागितली. मदत मिळाली, पण फौजेच्या खर्चाची रक्कम त्याला देता आली नाही, म्हणून पुरीसह त्याचे परगणे गहाण पडले आणि पुन्हा सुटले नाहीत. वसुली झाली, परंतु एक स्नेही कायमचा दुरावला. व्यापारात ज्यांनी आयुष्य घालविले आहे, त्यांना सांगावयास नको, की गहाणवट जप्त करणे सोपे असते. जप्त केल्यावर त्या घराशी पुन्हा व्यवहार होत नाही.

इकडे नागपुरात एक लढाई संपते न संपते तोच दुसरी उभी राहत होती. १७५५ मध्ये रघूजी वारले आणि जानोजी व मुधोजी यांच्यात वारसाचा कलह सुरू झाला. १७६३ मध्ये जानोजी निजामाबरोबर पुण्यावर चालून गेले आणि त्याच वर्षी बाजू बदलून पेशव्यांना मिळाले. १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांनी भोसल्यांच्या मुलखात फौज घातली आणि कनकापूरचा तह करावा लागला. १७७५ मध्ये नागपूरजवळच्या पाचगाव येथे साबाजी आणि मुधोजी हे भाऊच एकमेकांवर चालून गेले आणि साबाजी मारले गेले. १७८१ च्या सुमारास चिमणाजींच्या हाताखाली मोठी फौज बंगालवर जाण्याच्या निमित्ताने कटकात येऊन बसली. वॉरन हेस्टिंग्जने पैसे देऊन ती परत पाठविली. तोपर्यंत तिच्या दाणावैरणीचा भार अर्थातच त्या प्रांतावर पडला. दरम्यान १७६५ मध्ये बंगालची दिवाणी इंग्रज कंपनीकडे गेली आणि १२ लाखांची चौथाई थकबाकीच्या खात्यात जाऊन पडली.

नागपूर ते कटक हे अंतर रायपूर-संबळपूरच्या वाटेने आठशे किलोमीटरांहून अधिक आहे. वाटेत महानदीचे खोरे, अरण्ये आणि लहानमोठे राजे. ओडिशात महसूल बहुतांशी कवड्यांत गोळा होई. इतक्या लांब कवड्यांच्या गोण्या वाहून नेणे कोणाला शक्य होते? त्याचे रुपये करणे आणि ते नागपूरपर्यंत पोचविणे हे सावकारांच्या विश्वासावर अवलंबून होते. म्हणजे तो प्रांत टिकवावयाचा तर तीन गोष्टी अखंड हव्या होत्या: कायम राहणारी शिबंदी, वेळेवर मिळणारा तिचा पगार आणि स्थानिक राजे, रयत व सावकार यांची खात्री. पुढच्या मोहिमेचा नगारा वाजला की या तिन्ही गोष्टी सर्वांत आधी काढून घेतल्या जात.

या सवयीचा हिशेब १८०३ मध्ये एकदम चुकता करावा लागला. दुसरे रघूजी शिंद्यांच्या जोडीने इंग्रजांशी लढण्यास उभे राहिले आणि त्यांची मुख्य फौज पश्चिमेकडे गेली. कंपनीचे सैन्य गंजामहून निघाले आणि १८ सप्टेंबरला त्याने पुरी घेतली. असईची प्रसिद्ध लढाई २३ सप्टेंबरची. म्हणजे असईच्या रणात पहिली तोफ सुटण्यापूर्वी पाच दिवस पुरी हातची गेलेली होती. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. गहाण पडलेले परगणे परत मिळतील या आशेने खुर्द्याचा राजा इंग्रजांच्या बाजूला गेला होता. ५२ वर्षांचा अंमल एका महिन्यात संपला, आणि तो राखण्यासाठी त्या मुलखातून कोणी उठले नाही.

पुढे २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावी पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड गेला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक, बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सुटले. राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कमी झाला. तुटीचा बोजा उरलेल्या रयतेवर पडला. नवे कर बसले, शिपायांचे पगार थकले, आणि थकलेल्या पगाराचे शिपाई शेतकऱ्यांनाच लुटू लागले. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन उपनगरे जाळली. जी झळ मुर्शिदाबादच्या पेढीला १७४२ मध्ये लागली होती, ती सत्तर वर्षांनी आपल्याच शहराच्या वस्तीपर्यंत आली.

येथे एक आक्षेप येईल. इंग्रजांनी तर एकामागून एक युद्धे केली आणि तरीही मुलूख राखला, त्याचे काय? राखला हे खरे. शिपायाला नियमित पगार, बंगालचा महसूल आणि हिंदी सावकारांसह बाजारातून मिळणारे कर्ज, हे बळ त्यांच्यापाशी होते. पण त्यांचाही जमाखर्च बिनचूक नव्हता. वेलस्लीच्या युद्धांनी कर्ज इतके वाढले की १८०५ मध्ये कंपनीच्या मालकांनी त्याच्या जागी तहाचे धोरण घेऊन कॉर्नवॉलिसला पाठविले. ओडिशात त्यांनी कवड्यांऐवजी चांदीचे रुपये मागितले, मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि जमीनदाऱ्या कलकत्त्यात लिलावात काढल्या. खुर्द्याच्या राजाला परगणे परत दिलेच नाहीत. त्याचे फळ म्हणून १८१७ मध्ये बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंग्रज सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांशी लढत होते. मोठे भांडवल असणारा चूक पचवू शकतो, एवढाच याचा अर्थ. चूक ती चूकच राहते, आणि तिची किंमत बहुधा रयत भरते.

ज्या टेकड्यांपासून आपण आरंभ केला, तेथेच खंडगिरीसमोरच्या उदयगिरीवर हाथीगुंफेत सम्राट खारवेलाचा लेख आहे. खारवेल जैन होता आणि विजेताही होता. चौथ्या वर्षी त्याने राष्ट्रिक व भोजक यांना नमविले, असे तो लेख सांगतो. यातील भोजकांचा संबंध अनेक अभ्यासक आपल्या विदर्भाशी जोडतात. परंतु त्याच लेखात वादळाने पडलेल्या तटांची दुरुस्ती आहे, पाचव्या वर्षी नगरापर्यंत आणलेला कालवा आहे, प्रजेला दिलेली करमाफी आहे आणि तेराव्या वर्षी मुनींच्या निवासासाठी केलेल्या गुंफा आहेत. त्याची स्वारी पुसली गेली, गुंफा उभ्या आहेत.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे, याची मर्यादा आपणच आधी आखून घ्यावी, असा त्याचा आशय. पूर्वी ते केवळ गृहस्थासाठी असेल असे वाटे. नागपूरकर भोसल्यांचा हा जमाखर्च वाचल्यावर वाटते, की ज्याच्या हाती सैन्य आहे त्याला ते अधिक लागू आहे. आणि ज्याच्या हाती केवळ एक पेढी आहे, त्यालाही. पहिल्या दुकानाची खतावणी जुळली नसताना तिसऱ्या गावी फलक लावण्याचा मोह ज्याला होतो, त्याने एकदा कटकची वही उघडून पाहावी.