कारखान्याचे ओव्हरहॉलिंग होते, आपल्या इंजिनाचे कधी?



गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गव्हाण थंडावते आणि लगेच मिल खोलायला सुरुवात होते. रोलर निघतात, बेअरिंगे तपासली जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप आणि झडपा उघडून पुन्हा बसवल्या जातात. मग पावसाळ्याच्या तोंडाशी रोलर पूजन, दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन आणि नंतर मोळी. या दुरुस्तीवर खर्च किती झाला, हा प्रश्न वार्षिक सभेत निघतो आणि तो निघालाच पाहिजे. पण दुरुस्ती करूच नका असे कोणी म्हणत नाही. कारण मिल हंगामात बंद पडली तर तोडलेला ऊस वाळतो, हे लहान पोरालाही कळते.

मग आमचा सरळ सवाल आहे. ज्या पाण्यावर तो ऊस उभा राहतो, ते पाणी उपसणारे आपल्या वावरातले डिझेल इंजिन वर्षातून एकदा तरी कोण उघडतो? कारखान्याचे ओव्हरहॉलिंग दरवर्षी, आणि आपल्या इंजिनाचे ते बंद पडेल तेव्हा! हा न्याय आम्हाला पटत नाही.

अल्लीपूर आणि हिंगणघाट तालुक्याचा हा सगळा टापू मुळात कापूस, तूर, सोयाबीनचा. ऊस लावणारे इथे थोडे, आणि तोही विहिरीच्या ओलितावर. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत आठ-दहा दिवसांआड पाणी लागते. एक पाळी चुकली तर वाढ खुंटते, दोन चुकल्या तर वजनात मार बसतो आणि तो थेट बिलात दिसतो. अशा ऐन वेळी इंजिन हँडल मारून मारून चालू होत नाही. मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला. तो चौथ्या दिवशी येतो, दहा मिनिटांत एअर काढतो आणि मजुरी घेऊन जातो. दहा मिनिटांच्या कामापायी चार दिवसांचे पाणी गेले! वर कोणीतरी सल्ला देतोच, "कायले खोलता भाऊ, देऊन टाका भंगारवाल्याले." आणि इंजिन किलोच्या भावाने जाते.

कोणी म्हणेल, आता इंजिनाचे दिवस गेले. विजेची मोटार आहे, सौरपंप आले. २०१९ च्या कुसुम योजनेतून आणि २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून पुष्कळांच्या वावरात पाट्या उभ्या राहिल्या. त्याचा आम्हाला आनंदच आहे. डिझेल महाग, धूर वाईट. रोजच्या पाण्याला मोटार किंवा सौरपंपच बरा. पण रोहित्र जळले तर? आभाळ धरून राहिले तर? त्या चार-आठ दिवसांसाठी दाराशी चालू इंजिन असणे म्हणजे घरात धान्याची कणगी असण्यासारखे आहे. रोज तिच्यात हात घालायचा नसतो. पण ती रिकामी नसावी.

दुसरी गोष्ट अशी की ही जुनी इंजिने दुरुस्त व्हावीत म्हणूनच बनवलेली आहेत. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन तयार केले. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. राजकोटला इंग्लंडच्या लिस्टर धर्तीची, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारी, जड चाकांची इंजिने बनू लागली. या इंजिनांत ना संगणक, ना स्पार्क प्लग. चार-सहा पाने आणि नीट कान असला की त्यातल्या बहुतेक तक्रारी कळतात. शेतकऱ्याला यंत्राची माहिती त्याच्या भाषेत द्यावी ही परंपराही आपलीच. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले ते मुळात कारखान्याचे पत्रक म्हणूनच. मग आपल्या पत्रिकेत इंजिनावर दोन शब्द का असू नयेत?

डिझेल इंजिनाचे मर्म एवढेच. आत घेतलेली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्याही वर तापते, आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा बसला की ते आपोआप पेटते. म्हणजे इंजिन चालू होत नसेल तर तीनच ठिकाणी पाहायचे: डिझेल, हवा आणि दाब. दिसेल तो नट सोडायचा नाही.

पहिले डिझेल. टाकीत आहे का, कॉक उघडा आहे का, फिल्टर तुंबला आहे का, तळाला पाणी साचले आहे का, हे बघा. डिझेल संपेपर्यंत चालवले की नळीत हवा शिरते. यालाच आपण 'इंजिनाने एअर घेतली' म्हणतो. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा. बुडबुडे येणे थांबून सलग डिझेल आले की आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करून हँडल फिरवा. डिझेल उसळून आले की आवळा. हिरमुसून बसलेली कितीतरी इंजिने एवढ्याने बोलू लागतात.

दुसरी हवा. एअर क्लिनर उघडून पाहा. सोयाबीन मळणीच्या वेळी ज्या इंजिनाने धूळ खाल्ली, त्याचा क्लिनर भुश्शाने गच्च भरलेला असतो. धुराड्यात काजळीचा थर किंवा गांधीलमाशीचे घरही निघते!

तिसरा दाब. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर न उचलता हँडल हळू फिरवा. चाकाने अडून मागे उसळी घेतली तर दाब चांगला. चाक सहज फिरत गेले तर दाब कुठेतरी निसटतो आहे. अशा वेळी हवेच्या वाटेने चमचाभर ऑईल सोडा, जास्त नको. त्यानंतर दाब आला तर रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या. तरीही आला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहा. वॉल्व्हची फट इंजिन थंड असताना, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे, फिलर गेजने तपासा. अंदाजाने नको.

चालू इंजिनाचा धूरही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: भार जास्त, क्लिनर तुंबलेला, नाहीतर नोझल ठिबकते. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येऊन थांबला तर चिंता नाही. येतच राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा आत पाणी शिरते आहे.

आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. पुष्कळदा दोष इंजिनाचा नसतोच, पंपाचा असतो. इंजिन सुरेल चालते, पाणी येत नाही. फुटव्हॉल्व्हखाली काडी अडकलेली असते, ग्लँडमधून हवा शिरते, नाहीतर उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाऊन उपसा सात मीटरांच्या पलीकडे गेलेला असतो. तेवढ्या खोलीवरून वर ठेवलेला पंप पाणी ओढणार नाही, मग इंजिन नवे आणले तरी! १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेने याच कारणाने फुटव्हॉल्व्ह आणि पाईप सुधारण्यावर भर दिला. अरुंद पाईप आणि जड फुटव्हॉल्व्ह म्हणजे डिझेलला लागलेली गळतीच. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी एक-सव्वा लिटर डिझेल घेते. ते पाण्यासाठी जळते की पाईपाशी झगडण्यात, हे आपणच बघायला हवे.

आता घरी काय करू नये, तेही स्पष्ट लिहितो. नोझलचा दाब लावणे, डिझेल पंप खोलणे, बोअर करणे, क्रँक घासणे ही कामे वर्कशॉपची. नोझल बाहेर काढून फवारा पाहण्याची हौस पुष्कळांना असते. पण तो फवारा दोनशे किलोच्या आसपास दाबाचा असतो, कातडी भेदून आत जातो. हात दूर ठेवा आणि असे झालेच तर तडक दवाखाना गाठा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर मनगट वाचेल. पट्ट्याजवळ दुपट्टा, पदर, सैल बाही नको. डिझेल बंद करूनही इंजिन सुसाट पळू लागले तर हवेच्या तोंडावर फळी दाबा. हात लावू नका. आणि विहिरीच्या आत किंवा बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नका. त्या धुरातला विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. खाली उतरलेला माणूस तिथेच बसतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

कपाशीच्या फवारणीचा पेट्रोल पंप हेही लहान इंजिनच. त्याचे दुखणे निराळे. फवारणी झाली की तो पेट्रोलसकट कोपऱ्यात जातो, पुढच्या वर्षी चालू होत नाही. पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या बारीक भोकात डिंकासारखे बसलेले असते. त्यात आता इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ साली हे प्रमाण देशात २० टक्क्यांवर पोचले. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे, त्याचा पैसा आपल्याच कारखानदारीला मिळतो, म्हणून त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, हे आपल्याला माहीत असावे. उपाय सोपा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, उरलेले कार्बोरेटरमधले संपेपर्यंत चालवा, प्लग पुसून ठेवा आणि पुढच्या वर्षी ताजे पेट्रोल घाला.

प्रत्येक जुने इंजिन वाचवलेच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. लायनर, पिस्टन, क्रँक तिन्ही गेले असतील, सुटे भाग मिळत नसतील, तर त्याला निरोप द्यावा. मात्र तो हिशेब करून द्यावा. चार दिवस चालू झाले नाही म्हणून रागाने नव्हे. आम्हाला वाईट वाटते ते लोखंड गेल्याचे नाही, त्याच्याबरोबर हातातली विद्या जाते त्याचे. आजची पोट्टी मोबाईल उघडून बसवतात. त्यांना एअर काढता येत नाही, कारण कोणी दाखवली नाही.

ही भूमी गांधीजींची. ते यंत्रविरोधी होते असे सांगितले जाते. पण १९२४ साली दिल्लीत त्यांना याविषयी विचारले, तेव्हा शिवणयंत्र त्यांनी अपवाद म्हणून सांगितले होते. १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तोही गावच्या हातांची अवजारे सुधारण्यासाठी. यंत्र माणसाच्या ताब्यात असावे, माणूस यंत्राच्या नव्हे, एवढा धडा आपण त्यातून घेऊ शकतो. जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही, ते आपल्या वावरात असले तरी आपल्या ताब्यात नसते.

म्हणून आमच्या संचालक मंडळापुढे तीन मागण्या आहेत. एक, दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक गटात दोन दिवसांचे इंजिन शिबीर घ्यावे. कारखान्याचे फिटर, गावचे जुने मिस्त्री आणि आयटीआयची पोरे एकत्र बसवावीत, सभासदांनी आपले इंजिन आणून स्वतःच्या हाताने खोलावे. दोन, गट कार्यालयात पाने, फिलर गेज आणि नोझल तपासण्याचे यंत्र ठेवावे. एकट्या सभासदाला ते परवडत नाही, शंभरांना सहज परवडते. सहकार दुसरा कशासाठी? तीन, ग्राहक भांडारात खताच्या पोत्यांशेजारी फिल्टर, गॅस्केट, पट्टे आणि फुटव्हॉल्व्हचे वायसर मिळावेत.

आणि सभासदांकडे एकच मागणी. इंजिनाच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगा. किती तास चालले, ऑईल केव्हा बदलले, फिल्टर केव्हा धुतला, एवढेच तिच्यात लिहा. लिहिणारे पोरगेच असू द्या, म्हणजे तेही जवळ येऊन पाहील. कारखान्याचा अहवाल आपण पान उलटून तपासतो. आपल्या इंजिनाचाही अहवाल असू द्या.

येत्या वार्षिक सभेत हा विषय अल्लीपूर गटातर्फे आम्ही मांडणार आहोत. इतर गटांच्या सभासदांनी पाठिंबा द्यावा. आणि तोवर उद्या सकाळी उठून आपल्या इंजिनाचा एअर क्लिनर तेवढा उघडून पाहावा, ही विनंती.