चिठ्ठी नसलेले पान

परवा माझ्या टेबलावरचा मोल्सवर्थचा कोश नाहीसा झाला. शोधाशोध केली, तेव्हा कन्येच्या खोलीत जमिनीवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर तो ठाण मांडून बसलेला दिसला. ती बी. एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकते. गणपतीच्या सुट्टीत गुहागरच्या किनाऱ्यावरून तिने मर्यादवेल आणली होती आणि ती दाबायला घरात एवढे वजनदार दुसरे काही नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाचा हा सन्मानच म्हणायचा!

कोकणातल्या वाचकांना मर्यादवेल सांगायला नको. भरतीच्या रेषेवर वाळूत पसरते, पेरापेरांना मुळे फुटतात आणि उडती वाळू ती धरून ठेवते. लिनियसने १७५३ साली तिला लॅटिन नाव दिले ते पानाच्या आकारावरून, बकरीच्या खुराचे. त्याने पान पाहिले. आपल्या लोकांनी समुद्र पाहिला.

पाने जाड, रसदार. त्यात पावसाळी हवा. रोज कागद बदलायचे, दमट कागदांवर इस्त्री फिरवायची. आठवडाभर माझे सदरे चुरगळलेलेच राहिले.

तेवढ्यात मला आठवले, आईच्या हरिविजयाच्या पोथीत असेच एक पान आहे. आईचे माहेर गुहागरचे. मोठ्या ऐटीत मी ते तपकिरी पान लेकीपुढे ठेवले.

"कुठलं हे, बाबा? कधीचं?"

"आजीनं ठेवलेलं."

"ते कळलं हो. पण कुठून आणलं? कोणत्या साली?"

मला सांगता येईना. आईला विचारायचे राहून गेले. आता आई नाही.

"मग नमुना म्हणून याचा उपयोग नाही," ती म्हणाली, पण हळूच.

मग तिने मला शिकवले. वाळलेली वेल जाड कागदावर टाचायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, स्थळ, तारीख, कोणी गोळा केली. फुलाचा जांभळा रंगसुद्धा लिहायचा, कारण तो उडून जातो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला वनस्पतिसंग्रह ज्यांच्या नावाने आहे, त्या फादर ब्लॅटर यांनी हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातल्या वनस्पतींची नोंद १९१८ पासून प्रसिद्ध केली. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या वाळूत काय उगवत होते, हे आज सांगायचे तर आधार अशा नोंदींचा आणि चिठ्ठ्यांचाच.

संध्याकाळी पोथी उघडली. आईचे पान जागच्या जागी होते, खाली लेकीच्या अक्षरात चिठ्ठी: 'मर्यादवेल. ठेवणारी: आजी. स्थळ, साल: माहीत नाही.'

तेव्हापासून मी घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर नावे लिहायला घेतली आहेत. एका फोटोत आईशेजारी नऊवारीतली एक बाई आहे, ती कोण ते मला ठाऊक नाही. गुहागरच्या मामींना ठाऊक असेल. त्या ऐंशीच्या पुढे आहेत. पत्र टाकणार होतो. पण आता भाऊबीज झाली की स्वतःच जाऊन येतो.