सट्टाबाजारातील भाव म्हणजे भाकीत नव्हे

मोठ्या मुष्टियुद्धाच्या आदल्या दिवशी येणाऱ्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते : ‘सट्टेबाजांच्या मते अमुक मुष्टियोद्धा विजयाचा प्रबळ दावेदार आहे.’ आम्ही उपसंपादक ते निमूटपणे भाषांतरित करतो आणि वाचक जाणकारांचे मत म्हणून ते स्वीकारतो. वस्तुतः सट्टाबाजारातील भाव हे मत नसून किंमत असते. किंमत जशी वस्तूच्या गुणावर ठरते, तशीच ती गिऱ्हाइकांच्या गर्दीवरही ठरते. हा भेद नजरेआड झाला की लोकांचा उत्साहच भाकीत म्हणून खपू लागतो.

२६ ऑगस्ट २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेली फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांची लढत याचे बोलके उदाहरण आहे. मेवेदर व्यावसायिक मुष्टियुद्धातील ४९ लढतींत अपराजित होता. मॅकग्रेगर मिश्र युद्धकलेतील विजेता होता. पण व्यावसायिक मुष्टियुद्धात ही त्याची पहिलीच लढत होती. प्रारंभी त्याचा भाव एकास दहाच्या आसपास होता. म्हणजे त्याच्यावर शंभर रुपये लावणाऱ्याला, तो जिंकल्यास, हजार रुपये नफा. या भावात त्याच्या विजयाची शक्यता सुमारे नऊ टक्के गृहीत धरलेली होती. लढतीच्या दिवसापर्यंत भाव एकास चारच्या जवळपास उतरला. म्हणजे गृहीत शक्यता वीस टक्क्यांवर गेली.

मधल्या काळात असे काय घडले होते? मॅकग्रेगर मुष्टियुद्धाची एकही लढत खेळला नव्हता. हातमोज्यांचे वजन दहा औंसांवरून आठ औंसांवर आणण्यास नेवाडातील नियामक आयोगाने दिलेली परवानगी त्याच्या पथ्यावर पडेल, असे काहींना वाटले. परंतु एवढ्याने शक्यता दुप्पट होत नाही. खरा बदल प्रेक्षकांत झाला होता. जुलैमध्ये लॉस एंजेलिस, टोरांटो, न्यूयॉर्क आणि लंडन या चार शहरांत दोघांनी एकमेकांवर यथेच्छ शब्दप्रहार केले. चाहत्यांच्या छोट्या-छोट्या पैजा मॅकग्रेगरवर जमू लागल्या. तो जिंकला तर द्याव्या लागणाऱ्या रकमेचा बोजा हलका करण्यासाठी सट्टा कंपन्यांनी त्याचा भाव उतरवला आणि मेवेदरवरचा परतावा वाढवला. मोठ्या रकमा लावणाऱ्यांनी ही संधी साधून मेवेदरवर पैसा ओतला. दहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवून मेवेदरला विजयी घोषित केले.

गोव्याच्या वाचकाला कॅसिनोतील रुलेट ठाऊक असते. तेथे चाकावर किती घरे आहेत हे मोजता येते, म्हणून प्रत्येक आकड्याची शक्यता आधीच निश्चित असते. मुष्टियुद्धात असे मोजता येणारे चाक नाही. नामांकित मुष्टियोद्धा वर्षात एक-दोनदाच रिंगणात उतरतो, त्यामुळे ताजी माहिती तुटपुंजी असते. ती पोकळी लौकिक, राष्ट्राभिमान आणि जाहिरातबाजी भरून काढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उभा राहिला, तेव्हाही अनेकांनी पैज लावली ती समोरच्या टायसनवर नव्हे, आठवणीतल्या टायसनवर. पंचांनी एकमताने पॉलला विजयी ठरवले.

या व्यवहारात सट्टा कंपनीचा वाटाही असतो. मॅकग्रेगरचा भाव एकास चार आणि मेवेदरचा पाचास एक धरला, तर दोघांच्या गृहीत शक्यता अनुक्रमे वीस आणि सुमारे त्र्याऐंशी टक्के होतात. बेरीज शंभर भरायला हवी. ती एकशेतीन भरते. वरचे तीन टक्के ही कंपनीची कमाई. जी आकडेवारी मुळातच शंभराहून अधिक भरते, तिला तटस्थ भाकीत म्हणता येणार नाही.

यावर टोकियोचा दाखला दिला जातो. ११ फेब्रुवारी १९९० रोजी, एकास ४२ असा भाव असलेल्या बस्टर डग्लसने तोवर अजिंक्य असलेल्या टायसनला दहाव्या फेरीत लोळवले. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की, अल्प शक्यता म्हणजे अशक्यता नव्हे. ज्या असंख्य लढतींत दुबळा समजला गेलेला मुष्टियोद्धा खरोखरच हरला, त्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत. डग्लस मात्र लक्षात राहतो आणि पुढच्या पैजेला कारण पुरवतो.

हा प्रश्न केवळ लास व्हेगासपुरता नाही. परदेशी सट्टा संकेतस्थळांच्या जाहिराती बातमीच्या वेशात येतात, म्हणून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्ये माध्यमांना सूचना दिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संमत केला. जाहिरात रोखणे हे कायद्याचे काम आहे; वाक्य तपासणे हे आमचे. ‘सट्टेबाजांच्या मते’ याऐवजी ‘सट्टाबाजारात अमुकावर अधिक पैसा लागला आहे’ असे लिहिले, तरी ते पुष्कळ अधिक प्रामाणिक ठरेल. मग कोण जिंकेल हा प्रश्न वाचकासमोर खुला राहील, आणि पैसा कोणाचा व कशामुळे लागला, हा दुसरा प्रश्नही त्याला सुचेल.