रेंज गेली, फाइल अडकली

कल्याणहून सुटलेल्या लोकलमध्ये मुंब्र्याच्या डोंगरापाशी रेंज गेली की डाउनलोड होणारी फाइल अर्ध्यात अडकते. रेंज आली की चांगला प्रोग्रॅम सर्व्हरला सांगतो, इतके बाइट माझ्याकडे आलेत, पुढचे दे. सर्व्हरला ते जमत असेल तर २०६ हा क्रमांक देऊन तो उरलेला भाग पाठवतो. २०० आला, तर फाइल पहिल्यापासून येते आहे. हा फरक नजरेतून सुटला आणि ती जुन्या तुकड्याला जोडली गेली, तर सगळी फाइल वाया!

असे बारकावे सांभाळणारी मुक्तस्रोत लायब्ररी म्हणजे लिबकर्ल. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांच्या ‘कर्ल’ या प्रोग्रॅमला हे नाव १९९८ मध्ये मिळाले; त्यातूनच आलेली लिबकर्ल २००० मधली. आज ती मोबाइलपासून मोटारींपर्यंत सर्वत्र आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची ८.४.० आवृत्ती आली, ती एका गंभीर चुकीवरच्या दुरुस्तीसह. सॉक्स५ प्रॉक्सीशी, म्हणजे मधल्या सर्व्हरशी, जोडणी संथ असताना २५५ बाइटांहून लांब होस्टनाव आले, तर मेमरीत ठरल्या जागेबाहेर लिहिले जाऊ शके. तीन वर्षांहून जास्त काळ ही चूक कोडमध्ये होती.

ठाणे-डोंबिवलीतून रोज आयटीत कामाला जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे काम अशा लायब्रऱ्यांवर चालते. अशा चुका वेळीच सापडाव्यात म्हणून त्यांच्या कंपन्यांनी या लायब्रऱ्यांच्या देखभालीसाठी पैसे आणि कामाचे तास, दोन्ही द्यायला हवेत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून नव्या ॲपचाच आग्रह धरू नये. मधेच तुटलेल्या जोडणीची एक नेमकी चाचणी विद्यार्थ्याने लिहिली आणि ती अशा मुक्तस्रोत प्रकल्पात स्वीकारली गेली, तर तिलाही पूर्ण गुण द्यावेत.