दाब जास्त नको, एकसारखा हवा



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. फजरच्या आधी अम्मी दुसऱ्या मजल्यावर आंघोळ करीत होत्या. खाली तळमजल्यावर आम्ही वुजूसाठी नळ सोडला, त्याच वेळी स्वयंपाकघरात रात्रीच्या भांड्यांवर पाणी सुरू झाले. वरून अम्मींची किंकाळी आली. शॉवरचे पाणी अचानक निम्म्याहून कमी झाले होते आणि गॅस गीझरमधून आलेले कढत पाणी थेट त्यांच्या खांद्यावर पडले होते. अल्लाहचा शुक्र की फोड आले नाहीत. पण कातडी लालभडक झाली आणि पुढचा आठवडाभर अम्मींना दुपट्टासुद्धा नीट घेता येईना.

धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो. तो खाली आला आणि एवढेच म्हणाला, "भाईजान, दोन वर्षं सांगतोय, वर प्रेशर नाही. तुम्ही हसण्यावारी नेलंत."

खरे होते. आमच्या नळाला पाणी धो धो येत असे. खाली राहणाऱ्याला वरच्याची अडचण दिसत नाही. "उन्हाळा जाऊ दे, मग बघू" असे म्हणत आम्ही दोन वर्षे काढली होती.

आमचे घर चिखलीत. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेताच्या जागी आमच्यासारख्यांची दोन-तीन मजली घरे उभी राहिली. शहराची भिस्त पवना धरणावर. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. पुढे आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून, निघोजेच्या बंधाऱ्यावरून चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येऊ लागले. आमच्या गल्लीत मात्र पिण्याला नळाचे आणि वापरायला बोअरचे पाणी, हीच पद्धत राहिली. बोअरमधली सबमर्सिबल मोटार गच्चीवरची टाकी भरते आणि टाकीतून पाणी तिन्ही मजल्यांना उतरते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच व्यवस्था असेल, म्हणून आमची चूक तुमच्यासमोर मांडतो.

पहिली चूक: मोठी मोटार

अम्मींच्या भाजण्याने आम्ही इतके शरमलो की दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रीला बोलावले. त्याने एक वाक्य सांगितले, "मोटार लहान आहे." आम्ही ते मान्य केले. एक हॉर्सपॉवरची मोटार काढली, दोनची बसवली. टाकी लवकर भरू लागली. वरच्या शॉवरचे पाणी होते तसेच राहिले.

मार्च उजाडला. बोअरमधून पाणी थांबत थांबत येऊ लागले, मध्येच नुसती हवा, मध्येच गढूळ पाणी. एका दुपारी मोटार सुरू ठेवून सगळे बाहेर गेले होते. परत आलो तेव्हा टाकी कोरडी होती आणि मोटारीचे वाइंडिंग जळाले होते.

त्या वेळी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मदतीला आले. त्यांचे पंप दुरुस्तीचे काम आहे. जळालेली मोटार वर काढता काढता ते म्हणाले, "सर, मोटार पाणी तयार करत नाही. असलेलं फक्त वर चढवते."

आम्ही भूगोल शिकवतो. हे आम्हाला कळायला हवे होते. आपल्या भागातला खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तो वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात जेवढे पाणी मुरलेले असते, तेवढेच बोअरमध्ये झिरपत येते. झिरपण्याची गती खडक ठरवतो. त्यापेक्षा जलद उपसा केला की पातळी खाली जाते आणि मोटार उघडी पडते. सबमर्सिबल मोटार तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते. पाणी गेले की ती काही मिनिटांत तापते आणि जळते.

आम्ही पुन्हा एक हॉर्सपॉवरची मोटार सोडली. तिला ड्राय रन झाल्यास आपोआप बंद करणारे उपकरण जोडले. मग बोअरची परीक्षा घेतली. मोटार सुरू करून किती मिनिटांनी पाण्यात हवा येऊ लागते ते घड्याळ लावून पाहिले, लगेच बंद केली, तासाभराने पुन्हा सुरू करून पाहिले. आमची बोअर उन्हाळ्यात पंचवीस मिनिटे नीट देते. म्हणून वीस मिनिटे चालू, तासभर बंद, असा टायमर लावला. तेव्हापासून टाकी रोज भरते.

नळाचा दाब येतो कुठून?

टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा दाब खालच्या मोटारीवर अवलंबून नसतो. तो टाकीच्या उंचीवर असतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो दाब. आमच्या टाकीचे बूड जमिनीपासून दहा मीटरवर आहे. तळमजल्याचा नळ एक मीटरवर, म्हणजे त्याला नऊ मीटरचा, जवळपास ०.९ किलो दाब मिळतो. दुसऱ्या मजल्यावरचा शॉवर आठ मीटरवर. त्याच्या वाट्याला उरतात दोन मीटर, म्हणजे ०.२ किलो. एकाच टाकीचे पाणी, पण खालच्याला साडेचार पट दाब.

टाकी आणखी वर चढवावी असे काहींना वाटेल. एक मीटर चढवली तर फक्त ०.१ किलो वाढतो. हजार लिटरची भरलेली टाकी टनाहून जड असते. अभियंत्याला विचारल्याशिवाय तिला उंच स्टँडवर ठेवू नका.

मग आम्ही बादली आणि घड्याळ घेऊन तिन्ही मजल्यांवर फिरलो. दहा लिटरची बादली तळमजल्यावर पन्नास सेकंदांत भरली. वर दोन मिनिटे चाळीस सेकंद लागले. खालचे दोन नळ उघडे ठेवून वर पुन्हा मोजले, तर पाच मिनिटांतही बादली भरली नाही. अम्मींच्या अंगावर कढत पाणी का आले, हे त्या बादलीने सांगितले. गॅस गीझरची ज्योत तेवढीच राहते. तिच्यातून जाणारे पाणी निम्मे झाले की तेच जास्त तापून बाहेर येते. दाब कमी असणे ही अडचण होती, पण दाब अचानक पडणे हा धोका होता.

आम्ही काय केले

पहिली गोष्ट पाइपची. टाकीतून तिन्ही मजल्यांना मिळून एकच अर्ध्या इंचाचा जुना लोखंडी पाइप उतरत होता. तो कापला तेव्हा आत गंज आणि बोअरच्या पाण्याचा क्षार साचून बोटही जाईना. पाणी पाइपला घासत वाहते. प्रवाह दुप्पट झाला तर या घर्षणात जाणारा दाब जवळपास चौपट होतो. खालचे नळ उघडले की सारा प्रवाह खाली ओढला जाई आणि वरचा मजला उपाशी राही. आम्ही दुसऱ्या मजल्यासाठी टाकीपासूनच एक इंची वेगळी लाइन काढली. एक इंची पाइपच्या आत अर्ध्या इंचीपेक्षा कितीतरी जास्त जागा असते. टाकीजवळ त्या लाइनला हवेचा उभा पाइप जोडला आणि त्याचे तोंड टाकीच्या वर उघडे ठेवले, म्हणजे आत हवा अडकून पाणी थांबत नाही.

एवढ्यानेच वरची बादली पावणेदोन मिनिटांवर आली आणि खालचे नळ उघडले तरी तेवढाच वेळ लागू लागला. अनेक घरांत काम इथेच संपेल. म्हणून आधी पाइप पाहा, मग पंपाच्या दुकानात जा.

गीझर आणि शॉवरला थोडा जास्त दाब हवा होता. त्यासाठी फक्त वरच्या मजल्याच्या लाइनवर गच्चीत लहान प्रेशर पंप बसवला, त्यासोबत हवेची प्रेशर टाकी आणि प्रेशर स्विच. टाकी रिकामी झाली तर पंप बंद पडावा म्हणून टाकीत फ्लोट स्विच सोडला.

या हवेच्या टाकीकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे सविस्तर. तिच्या आत रबरी पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेरून हवा. पंप पाणी भरतो तेव्हा हवा दाबली जाते. नळ उघडला की ती हवा स्प्रिंगसारखी पाणी बाहेर ढकलते आणि पंप लगेच सुरू व्हावा लागत नाही. आमचा स्विच दाब १४ पीएसआयवर, म्हणजे साधारण एक किलोवर आला की पंप चालू करतो आणि २८ वर बंद करतो. टाकीतली हवा चालू होण्याच्या आकड्यापेक्षा दोनने कमी, म्हणजे १२ ठेवायची असते.

हवा तपासायची रीत सोपी आहे. पंपाची वीज बंद करा. नळ उघडून लाइनमधले पाणी पूर्ण काढून टाका. टाकीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याला टायरचा गेज लावा. हवा कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. तीन-चार महिन्यांतून एकदा हे करावे. व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आले, तर पिशवी फाटली असे समजा आणि ती बदला.

घरात ऐकून ओळखता येतील अशा दोन खुणा सांगतो. नळ चालू असताना पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर टाकीतली हवा गेली आहे. असेच चालू दिले तर मोटार आणि स्विच दोन्ही लवकर जातात. सगळे नळ बंद असताना रात्री पंप आपोआप सुरू होत असेल, तर कुठे तरी गळती आहे. बहुधा फ्लशची टाकी, किंवा पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतो आहे.

शेजाऱ्याचा हक्क

हे सगळे पंप आपल्या टाकीवर लावायचे आहेत. महापालिकेच्या नळजोडाला थेट मोटार लावू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि पालिका अशा मोटारी जप्त करते, हे कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण गल्लीतले आहे. आपण ओढलेले पाणी पुढच्या घराचे असते. शिवाय ओढ लागली की मुख्य पाइपमधला दाब उलटा होतो आणि फटींतून गटाराचे पाणी आत शोषले जाते. ते मग सगळ्यांच्या हंड्यात येते, आपल्याही. हुकूकुल इबादवर आम्ही मुलांना धडे देतो. नळाची मोटार हा त्याच धड्याचा भाग आहे. आमच्या घरात तर हा हक्क सख्ख्या भावाचा आणि अम्मींचा होता, आणि तो दोन वर्षे आमच्याच नळातून वाहून जात होता.

आणखी एक गोष्ट बादलीने शिकवली. तळमजल्यावर आमचा नळ पूर्ण उघडला तर मिनिटाला बारा लिटर पाणी देतो. दोन मिनिटांच्या वुजूत चोवीस लिटर जातात. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभराच्या आतबाहेर पाण्यात वुजू करीत, असे सहीह बुखारीत आले आहे. तेव्हापासून खालच्या नळाचा कॉक आम्ही पाव भागच उघडा ठेवला आहे. धार बारीक झाली, पण वुजूला ती पुरते. खालचा दाब मुद्दाम कमी केल्यावर बोअरवरचा भारही हलका झाला.

आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे. वरची बादली दिवसभर कधीही मोजली तरी एक मिनिटाच्या आसपास भरते. अम्मी मात्र अजून शॉवरखाली उभ्या राहत नाहीत. बादलीत पाणी काढतात, कोपराने गरमपणा पाहतात आणि मगच अंगावर घेतात. आम्ही त्यांना आग्रह करत नाही. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा लहान मुले आहेत, त्यांनी गीझरच्या बाबतीत हीच सवय ठेवलेली बरी.

या जुम्याला नमाजनंतर अर्धा तास काढा. एक बादली आणि घड्याळ घेऊन घरातला सर्वांत वरचा नळ मोजा, एकदा खालचे नळ बंद ठेवून आणि एकदा उघडे ठेवून. दोन आकड्यांत फरक दिसला, तर आधी वर राहणाऱ्याला विचारा की त्याला किती दिवसांपासून हा त्रास आहे.

पुढच्या महिन्यात पावसाचे गच्चीवरचे पाणी बोअरमध्ये परत कसे सोडावे, याबद्दल बोलू, इन्शा अल्लाह.